घरमालक उत्तरच देत नाही? भाड्याच्या वादात या चुका टाळा

भाडं दर महिन्याला गेलंय, तरी मालक म्हणतो 'दोन महिन्यांचं आलंच नाही', आणि मग फोनच उचलत नाही. मालक परदेशात असेल तर पुण्या-मुंबईत हा अनुभव अनेकांना येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'तो बोलेपर्यंत भाडं देणार नाही' असं ठरवणं. मालक गप्प आहे म्हणून तुमचं देणं थांबत नाही. भाडं थांबवलं की खोट्या थकबाकीची खरी थकबाकी होते. ॲग्रीमेंटमधल्या खात्यात ठरल्या तारखेला पैसे पाठवत राहा आणि शेऱ्यात महिना लिहा. खातं बंद असल्यामुळे पैसे परत आले, तर ती नोंद जपा. तुम्ही भाडं द्यायला तयार होतात, याचा तोच पुरावा. एजंट फोनवर 'नवीन खातं' सांगत असेल, तर मालकाच्या लेखी होकाराशिवाय तिथे एक रुपयाही टाकू नका.

भांडणाआधी स्वतःचं स्टेटमेंट नीट बघा. तुमच्या खात्यातून रक्कम वजा होणं आणि मालकाच्या खात्यात जमा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूटीआर क्रमांक (प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराचा बँकेचा संदर्भ क्रमांक) देऊन तुमच्या बँकेकडून जमा झाल्याची खात्री करून घ्या. निम्मे वाद इथेच मिटावेत.

रोख देत असाल तर पावतीशिवाय देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 26 नुसार पावती देणं मालकावर बंधनकारक आहे.

नुसत्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. महिना, रक्कम, तारीख, यूटीआर असा तक्ता करून ॲग्रीमेंटमधल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. उत्तरासाठी मुदत द्या. पत्रात राग नको, आकडे हवेत.

'90 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय मला काढता येत नाही' हे अर्धवट ज्ञान फार घातक आहे. ती तरतूद याच कायद्याच्या कलम 15 मधली, कायद्याच्या अर्थाने 'भाडेकरू' असलेल्यांसाठी आहे. आज बहुतेक फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीसाठी राहण्याची फक्त परवानगी देणाऱ्या करारावर) दिले जातात आणि त्यांना कलम 24 लागतं: मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर दुप्पट शुल्काइतकी भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून 'डिपॉझिटमधून कापून घ्या' म्हणत शेवटचे महिने परस्पर बुडवू नका. तसं करायचंच असेल तर आधी मालकाची लेखी संमती घ्या.

करार नोंदवलेलाच नसेल तर घाबरू नका. कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, ते खोटं ठरेपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

पोलीस चौकीत पैशांचा हिशोब सुटत नाही. 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतात. पत्राला उत्तर आलं नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधीच्या, तडजोडीचा अर्ज करा. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना ॲग्रीमेंट, स्टेटमेंट आणि स्पीड पोस्टाची पोच न्या.