मिथ्रास पंथाबद्दल लिहिता-बोलताना या चुका टाळा

डिसेंबर आला की मोबाइलवर तोच मजकूर फिरायला लागतो. रोमन देव मिथ्रास २५ डिसेंबरला कुमारी मातेच्या पोटी जन्मला, त्याला बारा शिष्य होते, मेल्यावर तिसऱ्या दिवशी तो उठला. पुढे पाठवणारे पुष्कळ, पण याला पुरावा काय, असं विचारणारं कुणी भेटत नाही. या पंथाचे इतके सुंदर अवशेष जमिनीखालून वर आलेले असताना त्यांच्याकडे न बघता असल्या कहाण्यांवर विसंबणं हा त्या अवशेषांवर अन्याय आहे.

गोंधळ होतो त्याला कारण आहे. मिथ्रासच्या भक्तांचा एकही धर्मग्रंथ आपल्यापर्यंत पोचलेला नाही. हाती आहेत ती मंदिरं, शिल्पं, कोरलेले लेख, भिंतींवरची चित्रं आणि बाहेरच्या लोकांनी केलेले त्रोटक उल्लेख. त्यातले बरेचसे उल्लेख विरोधी ख्रिस्ती लेखकांचे. मोकळी जागा एवढी मोठी असली की जो तो आपल्याला हवं ते तिथे भरतो. म्हणून कुठलाही दावा समोर आला की आधी विचारा: हे कुठल्या मंदिरात दिसतं, आणि ते मंदिर कुठल्या शतकातलं?

जन्माच्या गोष्टीला हा प्रश्न विचारून बघा. शिल्पांमध्ये मिथ्रास खडकातून बाहेर येताना दिसतो, तरुण, एका हातात सुरा आणि दुसऱ्या हातात मशाल. आई कुठेच नाही. बारा शिष्यही नाहीत. काही शिल्पांच्या कडेने बारा राशी कोरलेल्या आहेत, त्यांनाच कुणीतरी शिष्य करून टाकलं. मिथ्रास मरून पुन्हा उठल्याचं एकही चित्र नाही. आणि २५ डिसेंबर? इ.स. ३५४ च्या रोमन पंचांगात त्या दिवशी ‘अजिंक्य’ देवाचा जन्मदिन नोंदलेला आहे, मिथ्रासचं नाव त्यात नाही. सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोममध्ये सूर्यदेवाचं भव्य मंदिर बांधलं, त्या सूर्यदेवाचं हे बिरुद. मिथ्रासलाही ‘अजिंक्य सूर्य’ म्हणत, त्यामुळे दोघांची सरमिसळ झाली.

दुसरी मोठी चूक बैलाबाबत होते. प्रत्येक मिथ्रास मंदिरात समोरच्या भिंतीवर ठरलेलं दृश्य असे: मिथ्रासने बैलाच्या पाठीवर गुडघा रोवला आहे, एका हाताने नाकपुड्या खेचून दुसऱ्या हाताने सुरा खुपसला आहे, आणि बहुतेकदा तोंड मात्र वळवलं आहे. कुत्रा आणि साप रक्ताकडे झेपावतात, विंचू खाली डसतो, शेपटीच्या टोकाला गव्हाच्या लोंब्या फुटतात. हे पाहून लोक लिहितात की भक्त मंदिरात बैल कापत. पण ती देवळं बघितली की कळतं, मधे अरुंद वाट, दोन्ही बाजूंना जेवायला लवंडण्यासाठी बांधलेले ओटे, आणि बहुतेक ठिकाणी २०-४० माणसांपुरती जागा. तिथे बैल आणणार कुठून? उत्खननात हाडं सापडतात ती मुख्यतः कोंबड्यांची आणि डुकराच्या पिलांची. बेल्जियममधल्या टीनेन इथे तर एका मोठ्या जेवणावळीचे अवशेष पुरलेले मिळाले, दोनशेहून अधिक कोंबड्यांचे. बैलबळीचा खरा विधी सिबेली देवीच्या पंथात होता. त्याचं मिथ्रासशी नातं जोडू नका. आणि हे शिल्प बघून महिषासुरमर्दिनी आठवली, तरी तुलना तिथेच थांबवा. इथला बैल असुर नाही. त्याच्या मरणातून धान्य उगवतं.

आपल्याकडची लाडकी चूक म्हणजे ‘मिथ्रास म्हणजे आपला वेदातला मित्र’. नावांचं नातं खरं आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात मित्राचं सूक्त आहे, इराणातही मिथ्र देव होता. पण बैल मारणारा मिथ्रास ना वेदात आहे ना इराणात. जमिनीखालची गुहामंदिरं आणि दीक्षेच्या सात पायऱ्या, म्हणजे ‘कावळा’ या पहिल्या पदापासून ‘पिता’ या शेवटच्या पदापर्यंतच्या, हेसुद्धा रोमन जगातलंच, पहिल्या शतकाच्या अखेरीपासून पुढचं. फ्रांझ क्युमाँ या बेल्जियन विद्वानाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा सगळा पंथ इराणातून जसाच्या तसा आला असं मांडलं आणि ते फार काळ मानलं गेलं. १९७१ च्या मँचेस्टरच्या परिषदेत त्याला ठाम आव्हान मिळालं. जुन्या पुस्तकातला उतारा वापरताना एवढं लक्षात ठेवा.

‘तो रोमन सैनिकांचा धर्म होता’ हेही अपुरं आहे. सैनिक होतेच, पण आजच्या स्लोव्हेनियातल्या प्टुय इथे जकात नाक्यावरच्या गुलामांनी मिथ्रासची मंदिरं उभी केली. आणि ‘धर्म’ म्हटलं की एक घेतला तर दुसरा सोडला, असं आपण गृहीत धरतो. रोमन माणसाला तसं वाटत नसे. इ.स. ३८४ मध्ये वारलेल्या प्रेटेक्स्टाटस या सरदाराचा स्मारकलेख वाचा. तो चुलीची देवी वेस्टा हिचा पुरोहित होता, सूर्याचा होता, ग्रीसमधल्या एल्यूसिसच्या गुप्त विधींची दीक्षा घेतलेला होता, सिबेलीच्या बैलबळीचा मानकरी होता, आणि मिथ्रास पंथातला ‘पित्यांचा पिता’ही होता. त्याची पत्नी पावलिना हिच्याही दीक्षांची यादी त्याच स्मारकावर आहे. त्यात एल्यूसिस आहे, हेकाटी देवी आहे, मिथ्रास नाही. कारण या पंथात स्त्रियांना दीक्षा दिल्याचा खात्रीचा पुरावा कुठेच नाही. ज्याने अर्धी लोकसंख्या दाराबाहेर ठेवली, तो पंथ ख्रिस्ती धर्माला हरवता हरवता राहिला, हे म्हणणं मला मुळीच पटत नाही.

वस्तू सापडली म्हणजे पूजा सिद्ध झाली, असंही नाही. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली, पाँपेईत १९३८ मध्ये भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. दोन्हींतून व्यापार दिसतो. सातवाहनांच्या काळी पंचगंगेकाठी पोसायडनची आरती होत होती, असं त्यावरून म्हणता येत नाही.

लंडनमध्ये असाल तर वॉलब्रूकचं मिथ्रास मंदिर जरूर बघा. १९५४ मध्ये सापडलेलं हे मंदिर आता एका इमारतीच्या तळघरात, मूळ पातळीच्या जवळ मांडलं आहे. तिथून निघालेल्या मूर्तींमध्ये मिथ्रासच्या मस्तकासोबत मिनर्वा देवी आणि सेरापिस देव यांचीही मस्तकं होती.