जुन्याच किल्लीवर चालणारे नवे इग्निशन लॉक सिलिंडर कसे बसवावे

इग्निशन लॉक सिलिंडर म्हणजे वाहन सुरू करण्यासाठी किल्ली जिथे घालतात तो कुलपाचा भाग. तो बदलताना प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी आणि एअरबॅग असल्यास वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे; ही पायरी कधीही गाळू नये. त्यानंतर स्टिअरिंगखालचे आवरण उतरवावे. बहुतेक वाहनांत किल्ली ‘ॲक्सेसरी’ स्थितीत फिरवून बारीक छिद्रातून अडकण-पिन दाबली की सिलिंडर सरळ बाहेर येते.

खरे कौशल्य किल्ली जुळवण्यात आहे. सिलिंडरच्या गाभ्यात, म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागात, स्प्रिंगवर बसलेल्या, वेगवेगळ्या मापांच्या पातळ पट्ट्या असतात आणि योग्य किल्ली घातल्यावर त्या सर्व गाभ्याच्या पृष्ठभागाशी समतल होतात. म्हणून जुन्या गाभ्यातील पट्ट्या त्याच क्रमाने नव्या गाभ्यात बसवाव्यात, किल्ली घालून पाहावी आणि एखादी पट्टी वर डोकावत असल्यास ती कानशीने न घासता योग्य मापाची पट्टी घालावी, कारण घासलेल्या पट्टीमुळे दुसरी किल्लीही चालू शकते. झिजलेल्या किल्लीवरून माप घेणे मला अयोग्य वाटते. मूळ सांकेतिक क्रमांकावरून कापलेली किल्ली वापरावी.

किल्लीत इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची) चिप असल्यास सिलिंडरभोवतीची, ती चिप वाचणारी अँटेनाची गोल रिंग जपून नव्या सिलिंडरवर चढवावी. आवरण लावण्यापूर्वी बॅटरी जोडून किल्लीच्या सर्व स्थिती आणि स्टिअरिंगचे कुलूप तपासावे.