स्प्रिंग ब्रेकला पोरांना घेऊन स्कीला जायचंय? आधी बनी हिल किती उंचावर आहे ते बघा

बे एरियातल्या बऱ्याच शाळांचा स्प्रिंग ब्रेक एप्रिलच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या आठवड्यात येतो, आणि तोपर्यंत इथे खाली लोक बागेत टोमॅटोची रोपं लावायच्या गडबडीत असतात, त्यामुळे आता कसला बर्फ असं वाटणं साहजिकच आहे. पण सिएरा नेवाडा डोंगरातल्या टाहोला आणि मॅमथला तेव्हा बऱ्याच वर्षी चांगला बर्फ असतो, थंडी हाडात शिरणारी नसते, लिफ्टच्या रांगा फेब्रुवारीपेक्षा बऱ्याच कमी असतात. पहिल्यांदा शिकणाऱ्या पोरांना तर जानेवारीपेक्षा एप्रिल बरा, असं माझं सरळ मत आहे. फक्त जानेवारीत जवळपास कुठेही गेलं तरी चालून जातं, एप्रिलमध्ये नाही चालत.

रिसॉर्टच्या साइटवर दोन आकडे मोठ्या अक्षरात असतात, समिटची म्हणजे शिखराची उंची आणि वर किती इंच बर्फ साठलाय ते. दोन्ही आपल्या फारसे कामाचे नाहीत. तुमची सात वर्षांची मुलगी समिटला जाणारच नाहीये, ती दिवसभर बनी हिलवर, म्हणजे नवशिक्यांच्या सोप्या उतारावर असणार, मॅजिक कार्पेटच्या पट्ट्यावर उभी राहून वर आणि घसरत खाली, आणि बऱ्याच ठिकाणी ही बनी हिल असते अगदी पायथ्याला, पार्किंगच्या शेजारी. बर्फ सगळ्यात आधी जातो तो तिथलाच. वर दहा फूट बर्फ आणि खाली कार्पेटच्या दोन्ही बाजूंना चिखल, मधे एक मळकट पांढरा पट्टा, त्यावरून पाणी वाहतंय आणि पोराची स्की दर चार पावलांवर चिकटून पोरगं पुढे तोंडावर, असं दुपारी दीड वाजता बघायला मिळतं. आणि पैसे पूर्ण दिवसाच्या क्लासचे भरलेले. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की शिकणाऱ्यांचा उतार किती फुटांवर आहे. ट्रेल मॅप उघडायचा, ग्रीन रन (सगळ्यात सोपे उतार) आणि स्की स्कूल कुठे आहे ते शोधायचं. माझा साधा हिशोब असा की एप्रिलमध्ये ते ७,५०० फुटांच्या खाली असेल तर दुसरीकडे बघायचं, ८,००० च्या वर असेल तर निर्धास्त.

या हिशोबाने बघितलं तर टाहोची नेहमीची यादी बरीच उलटीपालटी होते. नॉर्थस्टार पोरांसाठी सगळ्यात गोड जागा आहे यात वाद नाही, पण त्याचं व्हिलेज साधारण ६,३०० फुटांवर, सिएरा-अॅट-टाहोचा बेस ६,६४० च्या आसपास, दोन्ही फेब्रुवारीत मस्त आणि एप्रिलमध्ये नशिबावर. याउलट माउंट रोझचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, कारण तिथे राहायला हॉटेल नाही, व्हिलेज नाही, नुसतं पार्किंग आणि लॉज. पण त्याचा बेसच ८,२६० फुटांवर आहे, टाहोतला सगळ्यात उंच, म्हणजे गाडीतून उतरलात की बनी हिल तिथेच आणि तीही उंचावर. राहायचं रीनोला किंवा इन्क्लाइन व्हिलेजला. रीनोला हॉटेलं स्वस्त पडतात, फक्त कसिनोच्या सिगरेटच्या वासाची तयारी ठेवा.

कर्कवूडचा बेस ७,८०० फूट आणि डोंगराचं तोंड बरंचसं उत्तर-ईशान्येकडे, त्यामुळे तिथला बर्फ टिकतो छान. पण राहायच्या जागा मोजक्या, संध्याकाळी करायला काही नाही, आणि वादळ आलं की हायवे ८८ वरचा कार्सन स्परचा तुकडा बंद होतो, मग तुम्ही अलीकडे नाहीतर पलीकडे अडकलेले. स्की येणाऱ्या आईबाबांना आवडेल, पोरं आणि आजीआजोबा असतील तर मी नाही सुचवणार.

हेवनलीची गंमत वेगळी आहे. त्याचा कॅलिफोर्नियाकडचा बेस खाली तळ्याच्या जवळपास, तो एप्रिलमध्ये उघडा पडायला लागतो, पण साउथ लेक टाहो गावातून जी गोंडोला (बंद डब्यांची केबल कार) वर जाते तिच्या वरच्या टोकाला, ९,००० फुटांच्या आसपास, शिकणाऱ्यांचा भाग आहे. म्हणजे सकाळी गोंडोलाने वर, दुपारी गोंडोलानेच खाली, खालच्या चिखलाशी आपला संबंधच नाही. क्लास बुक करताना मात्र वरचा की खालचा ते नीट बघून घ्या, लोकेशनच्या ड्रॉपडाउनमध्ये सगळी नावं सारखीच वाटतात. पॅलिसेड्स टाहोचा पायथा ६,२०० वर, पण वर हाय कॅम्पजवळ ८,२०० फुटांवर सोपे उतार आहेत आणि ते रिसॉर्ट बऱ्याच वर्षी मेपर्यंत चालू असतं. वसंतात तिथे कुशिंग क्रॉसिंग नावाचा प्रकार होतो, चित्रविचित्र कपडे घालून लोक स्कीवरून थेट पाण्याच्या तळ्यात घुसतात आणि बहुतेक जण मधेच बुडतात. पोरं स्की विसरतील पण हे विसरणार नाहीत, तारीख जुळत असेल तर जरूर बघा.

आणि मग मॅमथ. समिट ११,०५३ फूट, मेन लॉज साधारण ९,००० फूट. एप्रिलच्या मध्यानंतर जायचं असेल तर मी दुसरीकडे बघणारच नाही. हंगाम संपत आला की कॅन्यन लॉज आणि ईगल लॉज आधी बंद होतात, मेन लॉज शेवटपर्यंत चालतं, म्हणून क्लास मेन लॉजलाच घ्या. राहायचं मॅमथ लेक्स गावात, तिथून फुकट बस आहे, गाडी हलवायची गरज नाही. अडचण आहे ती रस्त्याची. नकाशात बे एरियातून सरळ योसेमिटीमधून टायोगा पासने गेलं की मॅमथ, पण टायोगा हिवाळ्यात बंद आणि उघडतो मे-जूनमध्ये किंवा त्याहून उशिरा, सोनोरा पासचंही तेच, त्यामुळे हायवे ८० किंवा ५० ने वर चढून मग ३९५ ने खाली यायचं, पोरांच्या शूशूचे थांबे धरून सात-आठ तास. जागा म्हणून मॅमथ पहिल्या नंबरवर असलं तरी तीन दिवसांसाठी ते नाही. पाच दिवस असतील तरच.

आता उंचीनंतरची गोष्ट, जी रिसॉर्ट निवडताना कोणी बघत नाही पण बघायला हवी, ती म्हणजे उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे. वसंतातला बर्फ रात्री गोठतो आणि दिवसा सुटतो, असं रोज होत होत त्याचे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मोकळे दाणे होतात, त्याला कॉर्न स्नो म्हणतात. त्यावर स्की लोण्यासारखी चालते, पडलं तरी लागत नाही. पण ही मजा दिवसातले दोन-तीन तासच. पहाटे तोच उतार काचेसारखा कडक, दुपारनंतर नुसता पचपचीत रगडा. पूर्वेकडचे उतार आधी सुटतात, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेकडचे, आणि उत्तरेकडचे शेवटपर्यंत थंड राहतात. त्यात मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे गेलेलं असतं, म्हणजे नऊची लिफ्ट सूर्याच्या हिशोबाने आठची झाली. तेव्हा एप्रिलमध्ये पहिली लिफ्ट पकडायची धडपड करूच नका. नऊला पोचा, बूट-हेल्मेटचा गोंधळ निवांत उरका, दहाला सुरू करा आणि दीडपर्यंत आटपा. दुपारच्या चिकट बर्फात दमलेल्या पायांनी गुडघे पिरगळतात, आणि पोरापेक्षा बाबा लोकांचे जास्त. अर्ध्या दिवसाचा सकाळचा क्लास मिळत असेल तर तोच घ्या.

दुसऱ्या दिवशी बर्फ कसा असेल ते आदल्या रात्रीच कळतं. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर गावाचं नाव टाकू नका, नकाशावर डोंगरावर क्लिक करा, म्हणजे त्या उंचीचा अंदाज मिळतो. रात्री आकाश मोकळं आणि तापमान ३२ फॅरनहाइटच्या खाली म्हणजे काम झालं. रात्रभर ढग आणि चाळीसच्या वर असेल तर सकाळपासूनच रगडा. आणि दिवसभर ढग, थंडी, वारा असेल तर तो काचेसारखा बर्फ सुटतच नाही, त्या दिवशी पोरांना ट्यूबिंगला न्या नाहीतर तळ्याकाठी हिंडा. वारा जास्त असला तर वरच्या लिफ्ट बंदच ठेवतात, मॅमथला आणि माउंट रोझला हे बऱ्याचदा होतं.

यंदा बर्फ कसा आहे हे न बघता गेल्या वर्षीच्या फोटोंवर भरवसा ठेवून बुकिंग करणारे लोक मला कळत नाहीत. सिएरामध्ये एक वर्ष दुसऱ्यासारखं नसतं. २०१५ मध्ये १ एप्रिलला राज्याने बर्फ मोजला तो सरासरीच्या फक्त ५ टक्के भरला, टाहोतल्या बऱ्याच रिसॉर्टनी मार्चमध्येच शटर ओढलं होतं. आणि २०२३ ला मॅमथच्या मेन लॉजला ७१५ इंच पडला आणि लिफ्ट ६ ऑगस्टपर्यंत चालू होत्या. त्यामुळे राहायची जागा जानेवारीत धरून ठेवा, पण रद्द करता येईल अशीच, आणि नक्की ठरवा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, रिसॉर्टचा वेबकॅम उघडून. वेबकॅम पण पायथ्याचा बघा, समिटचा काय, तो कायम सुंदरच दिसतो. बंद होण्याची तारीख बघून ठेवा, आणि स्की स्कूल व डेकेअर त्या तारखेपर्यंत चालू आहे का हेही फोन करून विचारा, लिफ्ट चालू पण लहान मुलांचे क्लास बंद असं होऊ शकतं. काही ठिकाणी शेवटी शेवटी फक्त शुक्रवार ते रविवार चालू असतं.

पैशाचं थोडक्यात. एपिक आणि आयकॉन या बऱ्याच रिसॉर्टवर चालणाऱ्या सीझन पासची विक्री सहसा डिसेंबरमध्येच बंद होते, तेव्हा मार्चमध्ये आठवण झाली तर उपयोग नाही. मोठ्या रिसॉर्टचं खिडकीवरचं तिकीट गर्दीच्या दिवशी २०० डॉलरच्या वर जातं, ऑनलाइन आधी काढलं की कमी पडतं. जे अजून मॅजिक कार्पेटवर आहेत त्यांना अख्ख्या डोंगराचं तिकीट कशाला, बिगिनर पॅकेज विचारा, त्यात क्लास, रेंटल आणि खालच्या लिफ्टचं तिकीट एकत्र असतं. चार वर्षांच्या आतल्यांना बहुतेक ठिकाणी लिफ्ट फुकट.

ज्यांचे आईबाबा भारतातून आलेत (आणि ते येतात नेमके मार्च-एप्रिलमध्येच), त्यांनी डोळे झाकून हेवनली घ्यावं. हॉटेलातून चालत गोंडोलापर्यंत जाता येतं, तिकीट महाग आहे पण वर जाताना मागे अख्खं तळं दिसतं आणि आजीला नातू पडताना-उठताना खुर्चीत बसून बघता येतं. ९,००० फुटांवर धाप लागू शकते, म्हणून बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि पहिला दिवस खाली तळ्याकाठी काढून मगच वर. याच कारणासाठी कोलोराडो मी लहान पोरं आणि म्हातारी माणसं असताना टाळते. तिथे बर्फ एप्रिलमध्ये उत्तम असतो पण ब्रेकनरिजचं गावच ९,६०० फुटांवर, समुद्रसपाटीवरून जाऊन पहिल्याच रात्री तिथे झोपायचं म्हणजे डोकेदुखी आणि उलट्यांना आमंत्रण. टाहोचं तळं ६,२२५ फुटांवर आहे, झोप नीट लागते. विमानाने जायचंच असेल तर युटाला ऑल्टा बघा, बेस ८,५३० फूट, शिकणाऱ्यांचा भाग मोठा, सॉल्ट लेक सिटीच्या एअरपोर्टपासून तासाभरावर. तिथे स्नोबोर्ड चालत नाही एवढं घरातल्या टीनएजरला आधीच सांगून ठेवा.

गाडीत टायरवर चढवायच्या स्नो चेन हव्यातच, एप्रिल असला तरी. हायवे ८० वरच्या डॉनर समिटवर एप्रिलमध्येही वादळं येतात आणि चेन कंट्रोल (चेनची सक्ती) लागतं. ऑल व्हील ड्राइव्ह आणि स्नो टायर असले तर सहसा चेन चढवाव्या लागत नाहीत, पण जवळ बाळगाव्या लागतातच. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, बऱ्याच कंपन्या चेन लावू देत नाहीत.

लॉजमधलं जेवण म्हणजे चिकन टेंडर, फ्राइज आणि बिल बघून येणारा घाम. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी, थर्मासमध्ये चहा घेऊन जा, बाहेरच्या टेबलांवर उन्हात बसून खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही. ऊन मात्र फसवं असतं, बर्फावरून उलटं येतं, तेव्हा सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. हातमोज्यांचे दोन जोड हवेत, एप्रिलचा बर्फ ओला असतो, पहिला जोड अकरालाच पिळून काढावा लागतो.

आणि परतताना ट्रकीत किंवा रीनोत एखाद्या स्की शॉपमध्ये डोकवा, सीझन संपताना पोरांचे जॅकेट, गॉगल, हेल्मेट निम्म्या किमतीत मिळून जातात. जॅकेट एक साइज मोठं घ्या, हेल्मेट मात्र आत्ताच्या मापाचंच. सीझन रेंटलवर स्की घेतल्या असतील तर परत करायची तारीख तपासा, काही दुकानांची ती स्प्रिंग ब्रेकच्या आधीच असते.