कंपनीच्या दौऱ्यांचं प्रदूषण कमी करताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक बैठकीच्या वेळेत असते. मुंबईहून अहमदाबादला जायचंय आणि बैठक सकाळी दहाला. मग पहाटेचं विमान ठरलेलंच! वंदे भारत मुंबई सेंट्रलहून सहाच्या सुमारास सुटते आणि बाराच्या आत अहमदाबादला पोचवते. तीच बैठक दुपारी एकला ठेवली असती तर विमान लागलंच नसतं. म्हणून बैठकीची वेळ कळवण्याआधी गाडीचं वेळापत्रक बघा.

मी ट्रॅव्हल डेस्क सांभाळायचो तेव्हा आमच्याकडे 'शक्यतो रेल्वेने जावे' असं परिपत्रक निघालं होतं. कुणीही त्याला दाद दिली नाही. कारणं शोधली तेव्हा दोष आमच्याच नियमांत सापडला. विमानाचं तिकीट डेस्क काढून द्यायचं, रेल्वेचं मात्र स्वतःच्या पैशाने काढून नंतर बिल लावायचं. रात्रीचा प्रवास भत्त्यात धरत नव्हते. गुजरात मेलने रात्री निघून पहाटे उतरलेल्या माणसाला अंघोळ करून कपडे बदलायला खोलीही मंजूर नव्हती. त्याने विमान मागितलं तर त्याचं काय चुकलं? रेल्वेचं तिकीटही डेस्कनेच काढावं, रात्र भत्त्यात धरावी, सकाळी काही तासांसाठी खोली द्यावी. या तीन गोष्टींशिवाय परिपत्रक काढूच नका.

'तिकीटच मिळत नाही' ही तक्रार खरी आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. ऑडिट, मासिक आढावा, डीलर मीट यांच्या तारखा डेस्कला दोन महिने आधी कळायला हव्यात. तत्काळच्या भरवशावर राहू नका. आणि बुकिंग करतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक भरा, म्हणजे अकाउंट्सकडून नंतर आक्षेप येत नाहीत.

आता मोजमाप. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल म्हणजे कंपन्यांनी प्रदूषणाचा हिशेब कसा ठेवायचा याची आंतरराष्ट्रीय पद्धत. त्यात कामासाठीचा प्रवास ही स्कोप ३ मधली, म्हणजे कंपनीच्या कामामुळे पण तिच्या थेट ताब्याबाहेर होणाऱ्या प्रदूषणातली, सहावी श्रेणी आहे आणि कर्मचाऱ्यांची रोजची ये-जा ही सातवी. दोन्ही एकाच रकान्यात टाकल्या की काय कमी झालं ते कळतच नाही. दुसरी गफलत म्हणजे सगळ्या उड्डाणांचे किलोमीटर जोडून एकच गुणांक (किलोमीटरमागे किती प्रदूषण धरायचं तो आकडा) लावणं. उड्डाण घेताना आणि वर चढताना इंधन जास्त जळतं, त्यामुळे जवळचं उड्डाण किलोमीटरमागे जास्त जड पडतं. बिझनेस क्लासची खुर्ची जागा जास्त अडवते. म्हणून ब्रिटिश सरकारच्या गुणांकांत लांबच्या उड्डाणासाठी ती इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट धरतात. कनिष्ठांना रेल्वेत बसवायचं आणि संचालकांच्या लंडनवारीला हात लावायचा नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. हिशेबातही ते बसत नाही. धोरणाची सुरुवात वरच्या ग्रेडपासून करा.

पुणे-मुंबईला चौघांसाठी चार कॅब हीसुद्धा नेहमीची चूक. सकाळी पुण्याहून निघून संध्याकाळी परतण्यासाठी १९३० पासून डेक्कन क्वीन आहे, आता एसटीची ई-शिवनेरीही आहे.

झाडं लावून दौऱ्यांची भरपाई झाली असं कृपया मानू नका. आज सोडलेला धूर आजच हवेत जातो, रोपाला तेवढा कार्बन शोषायला अनेक वर्षं लागतात, तीही ते जगलं तर. झाडं जरूर लावा, पण त्यांचा आकडा दौऱ्यांच्या आकड्यातून वजा करू नका.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर डेस्ककडून गेल्या सहा महिन्यांची तिकिटं मागवा आणि सगळ्यात जास्त फेऱ्या झालेले तीन मार्ग काढा. प्रत्येक फेरीपुढे बैठक किती वाजता होती ते लिहा.