माइक नवा घेण्याआधी: घरच्या रेकॉर्डिंगचा आवाज कसा सुधारावा

“माइक कोणता घेऊ?” असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, आत्ता बोलताना माइक कुठे असतो? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: “समोर, टेबलावर.” म्हणजे तोंडापासून हात-दीड हात लांब. तिथे पाचशेचा माइक ठेवा नाहीतर पन्नास हजारांचा, आवाज विहिरीतून आल्यासारखाच येणार. महागडा कंडेन्सर माइक, म्हणजे बारीकसारीक आवाजही पकडणारा नाजूक कानाचा माइक, तर शेजारच्या कुकरची शिट्टीही इमानदारीने टिपून देतो.

हे शहाणपण मला पंख्याने शिकवलं. आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला गेलो होतो. मोबाइल कोनाड्यात ठेवला, पंखा चारवर. घरी येऊन ऐकलं तर पंखा गातोय आणि लांब कुठेतरी आत्या साथीला आहे. वर कोनाड्याची घुमघुम. ते रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये अजून पडून आहे, कुणाला ऐकवण्यासारखं नाही. पुन्हा जायचं ठरवलं तेव्हा आधी घरात महिनाभर प्रयोग केले. ते या क्रमाने करून बघा.

आधी खोली निवडा

प्रत्येक खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रन्’ असं शेपूट उमटलं तर ती खोली बाद. स्वयंपाकघर आणि फरशीचा मोकळा हॉल हमखास नापास होतात. झोपायची खोली पास होते, कारण तिथे गादी, उशा, पडदे असतात. कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं तर आणखी बरं.

आता गोधडी. बहुतेक लोक ती माइकच्या मागे टांगतात आणि फरक पडला नाही म्हणून वैतागतात. आपण वापरतो ते बहुतेक माइक कार्डिऑइड असतात. म्हणजे समोरचं नीट ऐकतात, पाठीमागचं फार कमी. माइकच्या समोर तुम्ही असता आणि तुमच्या मागे असते भिंत. तिच्यावर आपटून परतलेला आवाज थेट माइकच्या तोंडात शिरतो. म्हणून जाड गोधडी तुमच्या पाठीमागे हवी, भिंतीपासून चार बोटं सुटी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. पातळ पुठ्ठा तो, वरच्या पट्टीतला आवाज जरासा विखुरतो, बाकी खोली कुरूप होते तेवढीच.

गोधडी घुमणं कमी करते, बाहेरचा रिक्षाचा हॉर्न अडवत नाही. त्यावर खिडकी बंद करणं आणि वेळ साधणं हाच इलाज. माझ्या रस्त्यावर पहाटे पाच ते सहा शांत असतं. तुमची वेळ तुम्ही शोधा.

मग घर गप्प करा

डोळे मिटून एक मिनिट ऐका. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. कानाला सवय झालेली असते, माइकला नसते. फ्रिज बंद करणार असाल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर पडताना किल्ली शोधाल आणि फ्रिज सुरू करायची आठवण होईल. दूध नासल्यावर सुचलेली युक्ती नव्हे, रेकॉर्डिंगवाल्यांची जुनीच आहे. मोबाइल विमान मोडवर टाका.

अंतर: एक वीत

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की तुमचा थेट आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, पण खोलीचं घुमणं आणि पंख्याची घरघर तेवढीच राहते. मग तुम्ही गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची कळ, वाढवता, त्याबरोबर घरघरही वाढते. म्हणून कंडेन्सर माइकपासून तोंड एक वीतभर लांब ठेवा. डायनॅमिक, म्हणजे मंचावर असतो तसा जरा जाड कानाचा माइक असेल तर चार-पाच बोटं पुरे. याहून जवळ गेलात तर कार्डिऑइड माइक खर्ज फुगवतो. मंचावर गाताना ओठ टेकवतात तो शुअर एसएम58, 1966 सालापासूनचा, हे जवळचं गाणं गृहीत धरूनच बनवलाय. कथा वाचताना मात्र तो खर्ज जड होतो.

माइकची बाजूही तपासा. ब्लू यती, किंवा त्याच्यासारखे उभे जाडजूड माइक, बाजूने ऐकतात. त्यांच्या डोक्यात बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. मोबाइलचा मुख्य माइक बहुधा खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो, नेमकं तिथे आपलं बोट येतं. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर लावा. मंगळसूत्र, पदर, ओढणी त्याला घासत नाही ना ते मान वळवून बघा. घासण्याचा तो आवाज नंतर धड काढता येत नाही.

मराठीचा भ आणि फ

तोंडासमोर तळहात धरा आणि म्हणा, “भाऊ, फणस फोडून ठेव.” हाताला प्रत्येक ‘भ’ला, ‘फ’ला हवेचा फटका बसेल. हाच फटका माइकच्या पडद्यावर बसला की रेकॉर्डिंगमध्ये ‘धप्’ होतं. इंग्रजी व्हिडिओंत ‘प’ आणि ‘ब’चीच काळजी घ्यायला सांगतात. आपल्याकडे महाप्राणांची अख्खी पलटण आहे.

उपाय सोपा: माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याकडे सरकवा. माइकचं तोंड तुमच्याकडेच राहू द्या, हवा मात्र शेजारून निघून जाईल. शिवाय मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा फटका अडवणारी जाळी, हवा. विकत नको असेल तर भरतकामाच्या रिंगवर नायलॉनचा पातळ मोजा ताणा आणि माइकपासून चार बोटांवर धरा. मग “चमचाभर साखर, चार सश्यांना” हे म्हणून बघा. च आणि स कानात टोचत असतील तर माइक आणखी थोडा तिरका करा. तोंड कोरडं पडून चटचट आवाज येत असेल तर कोमट पाणी किंवा सफरचंदाची फोड. दुधाचा चहा नको, घसा चिकट होतो.

लेव्हल

वाचनातलं सगळ्यात मोठ्याने म्हणायचं वाक्य आधी म्हणा. ते रेकॉर्डिंगच्या मीटरवर सुमारे उणे 12 डेसिबलला पोहोचेल एवढाच गेन ठेवा. शून्याला टेकून फाटलेला आवाज धड दुरुस्त होत नाही, हळू आलेला वाढवता येतो. सेटिंगमध्ये 24 बिट (आवाज किती बारकाईने नोंदवायचा ते) निवडता येत असेल तर निवडा, मग हळू रेकॉर्ड करायला भीती नाही. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, व्हिडिओसाठी 48 किलोहर्ट्झ, नुसत्या ऑडिओसाठी 44.1. कंडेन्सर माइक मुकाच असेल तर इंटरफेसवरचं, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवरचं, 48 व्होल्टचं बटण दाबायचं बहुधा राहिलंय. सतत घूंऽऽ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आपली वीज 50 हर्ट्झची, ती घूं बहुधा तिचीच असते.

शेवटी दहा सेकंद गप्प

रेकॉर्डिंग संपल्यावर लगेच थांबवू नका. त्याच जागी दहा सेकंद कोणी काही बोलायचं नाही. ही शांतता ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरला नमुना म्हणून दाखवली की ते उरलेली घरघर कमी करतं. सहा ते बारा डेसिबलच्या पुढे जाऊ नका, नाहीतर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. 80 हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, तिथे बसची धडधड असते, माणूस क्वचितच.

दुसऱ्यांदा आत्याकडे गेलो तेव्हा मोबाइल घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला, जात्यापासून दूर आणि आत्याच्या तोंडापासून वीतभर. मागे गोधडी. पंखा बंद, मे महिना. ओवी संपली. मी बोट वर करून दहा सेकंद मोजायला लागलो. सातव्या सेकंदाला आत्या म्हणाली, “आता लावू का रे पंखा?”