दर आठवं घर

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी कोल्हापुरातल्या एका वसाहतीत दुधाचा घरटी खप मोजला. 20 इमारती, प्रत्येकीला सहा मजले, मजल्यावर चार फ्लॅट. एकूण 480 घरं, यादीत मजल्यामागून मजला. नमुन्यासाठी हवी होती 60, म्हणून दर आठवं घर. पहिला आकडा चिठ्ठीनं काढला, चार आला. मग 4, 12, 20, 28... पंधरा दिवस रोज संध्याकाळी जिने चढले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, "मजल्यावर घरं किती?" माझ्या घशाला कोरड पडली.

आठला चारनं भाग जातो. म्हणजे माझं प्रत्येक घर मजल्यावरचं चौथं, कोपऱ्यातलं, मोठं. उरलेले तिन्ही फ्लॅट लहान. मोठ्या घरात माणसं जास्त, दूधही जास्त, सरासरी फुगलेली. नमुना दुप्पट करून दर चौथं घर घेतलं असतं तरी हाती 120 कोपरेच आले असते! चिठ्ठी एकदाच टाकली जाते. पुढचं सगळं यादीचा क्रम ठरवतो. तो क्रम आधी बघा. सातचं अंतर ठेवलं असतं तर 4, 11, 18, 25, म्हणजे चौथं, तिसरं, दुसरं, पहिलं, सगळ्या जागांची घरं आली असती. किंवा सरळ दोन स्तर, म्हणजे सारख्या घरांचे गट, करायचे: 120 कोपऱ्यांतून 15, बाकीच्या 360 मधून 45.

व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म फिरवून त्याला 'यादृच्छिक', म्हणजे चिठ्ठीनं निवडलेला, म्हणू नका. तो सोयीचा नमुना, तसंच लिहा. आणि जे मार्गदर्शक यादी न मागता सही करतात, त्यांच्या सहीवर विसंबू नका. माझ्या प्रकल्पावर तशीच सही होती.

जिल्हाभर पाहणी करणार असाल तर स्तर हवेतच. 12 तालुके आहेत. गगनबावड्याचा पाऊस आणि शिरोळचं सपाट रान एका चिठ्ठीत कसं बसेल? पिकांच्या पाहणीत तर आधी गाव, मग शेत, मग शेतातला छोटा तुकडा असं टप्प्याटप्प्यानं निवडतात. सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे याच कामासाठी जगभर ओळखले गेले.

घाबरू मात्र नका, चूक निस्तरता येते. माझे 60 कोपरे वाया गेले नाहीत. लहान घरांतून चिठ्ठ्या टाकून 45 निवडली, कोपऱ्यांच्या सरासरीला पाव आणि लहान घरांच्या सरासरीला पाऊण असं वजन दिलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा एका काकूंनी दारातच विचारलं, "मागल्या खेपेला शेजारी येऊन गेलीस, आमच्यात का आली नाहीस?"