सर्व्हरची डिस्क लॉगनं भरली? पुसायच्या आधी या चुका टाळा

लॉग म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाची आणि चुकांची नोंद लिहीत जातात ती फाइल. ती फुगून डिस्क भरलीय हे सर्व्हर सरळ सांगत नाही. मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) अनेकदा जागा मिळायची वाट बघत नुसतं थांबून राहतं, बिलिंगचं सॉफ्टवेअर अडकतं आणि फोन येतो, “दादा, बिल निघंना झालंय, नेट गेलंय का बघा जरा.” अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या अनेक कारखान्यांत एकच लिनक्स सर्व्हर असतो आणि त्याच्याकडे बघणारा वेगळा माणूस नसतो. गाडी दारात उभी, माल भरलेला, बिल अडकलेलं. अशा घाईत जी मोठी फाइल दिसेल ती पुसली जाते आणि खरं नुकसान तिथंच होतं.

चालू लॉगवर ‘आरएम’ मारणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरमध्ये २० जीबीची फाइल दिसली, ‘आरएम’ (फाइल पुसायची कमांड) मारलं, फाइल गेली. मग डिस्क किती भरलीय ते दाखवणारं ‘डीएफ’ चालवून बघावं, तर डिस्क अजून १०० टक्केच. ‘आरएम’नं फाइलचं फक्त नाव जातं. ज्या प्रोग्रॅमनं ती उघडून ठेवलीय तो ती सोडत नाही, तोवर जागा मोकळी होत नाही. उलट तो त्या नाव नसलेल्या फाइलमध्ये लिहीतच राहतो.

ओळखायची खूण सोपी आहे. ‘डीएफ’ म्हणतं डिस्क भरली आणि फाइलनी व्यापलेली जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज मात्र निम्मीच येते. असं दिसलं की ‘एलएसओएफ’ला ‘+एल१’ हा पर्याय देऊन चालवा. पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइल आणि त्या धरून बसलेले प्रोग्रॅम, दोन्ही समोर येतात. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते.

मुळात चालू लॉग पुसायचाच नसतो, रिकामा करायचा असतो. ‘ट्रंकेट’ला साइज शून्य द्या, फाइल जागेवर राहते, आतलं जातं. पण त्याआधी शेवटच्या हजारभर ओळी ‘टेल’नं काढून पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर ठेवा. बिघाडाचा पुरावा त्यातच असतो. ट्रंकेट केल्यावर ‘एलएस’च्या यादीमध्ये फाइल परत २० जीबीची दिसायला लागली, तर घाबरू नका. काही प्रोग्रॅम जुन्याच जागेपासून पुढे लिहितात, त्यामुळे आकडा मोठा दिसतो. खरी व्यापलेली जागा ‘डीयू’ दाखवतं.

कोण लिहितंय हे न बघणं

जागा झाली, बिल निघालं, विषय संपला असं समजतात. मग दोन दिवसांनी परत तोच फोन. लॉग आपोआप फुगत नाही, कुणीतरी त्यात सारखं लिहीत असतं. डिस्पॅचमधला बारकोड प्रिंटर कुणी बंद केला आणि प्रोग्रॅम त्याला सारखा जोडायला बघतोय, असं समजा. २०० बाइटची एक ओळ सेकंदाला एकदा लिहिली, तर दिवसाला साधारण १७ एमबी होतात, त्याची काळजी नाही. तोच प्रोग्रॅम मध्ये न थांबता सेकंदाला हजार वेळा प्रयत्न करत असेल, तर दिवसाला १७ जीबी. इथं लॉग कितीही वेळा साफ केला तरी उपयोग नाही. प्रिंटर चालू करा आणि सॉफ्टवेअरवाल्याला दोन प्रयत्नांमध्ये अंतर ठेवायला सांगा. ‘डीबग’ (प्रत्येक बारीक गोष्ट लॉगमध्ये लिहिणं) चालू राहिलंय का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. चाचणीपुरतं चालू केलेलं डीबग वर्षभर तसंच राहिलेलं सापडतं.

फसलेल्या लॉगिनची नोंद ठेवणारी ‘बीटीएमपी’ नावाची फाइल फुगली असेल, तर बहुधा बाहेरून कुणीतरी पासवर्ड लावून बघतंय. तिथं प्रश्न डिस्कचा नाही. एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय) इंटरनेटला उघडं ठेवलंय, ते आधी बंद करा.

लॉगरोटेट आहे, म्हणजे झालं, असं समजणं

लॉगरोटेट म्हणजे जुने लॉग ठरावीक काळानं बाजूला काढणारा आणि शेवटी पुसणारा प्रोग्रॅम. पण आपल्याकडे संध्याकाळी ऑफिस बंद करताना सर्व्हरही बंद करायची सवय आहे. जुन्या उबंटू सर्व्हरवर लॉगरोटेट सकाळी ६:२५ ला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, चालतं. अ‍ॅनाक्रॉन (चुकलेली कामं नंतर चालवणारा प्रोग्रॅम) टाकलेलं नसेल आणि सर्व्हर साडेनऊला चालू होत असेल, तर ते कधीच चालत नाही. सेटिंग बिनचूक, फाइल मात्र वाढत जाते. नव्या आवृत्त्यांत सिस्टमडीचा (सर्व्हिस चालवणारा लिनक्सचा भाग) टायमर चुकलेली फेरी मशीन चालू झाल्यावर पूर्ण करतो.

१०० एमबीची मर्यादा लिहिली म्हणून फाइल १०० एमबीला थांबेल, हाही गैरसमज आहे. लॉगरोटेट चालेल तेव्हाच ती मर्यादा तपासली जाते, मधल्या वेळात फाइल कितीही वाढू शकते. फोल्डरच्या परवानग्या ढिल्या असतील, तर ते ती फाइल सोडूनही देतं. म्हणून लॉगरोटेट ‘-डी’ लावून एकदा चालवा. काहीही न बदलता, काय केलं असतं आणि कुठं अडलं असतं ते दाखवतं.

बाकीच्या जागा

जर्नलडी (सिस्टमडीचा लॉग ठेवणारा भाग) किती जागा खातंय ते ‘जर्नलसीटीएल’च सांगतं आणि ‘व्हॅक्यूम’च्या पर्यायानं जुनं काढूनही टाकतं. डॉकर कंटेनरच्या (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायची सोय) लॉगला मुळात मर्यादाच नसते, ती ‘डीमन’च्या सेटिंगमध्ये द्यावी लागते आणि फक्त नव्यानं बनवलेल्या कंटेनरना लागू होते. मायएसक्यूएलच्या बिनलॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) फाइल हातानं कधीही पुसू नका, ‘पर्ज’ कमांड त्यासाठीच आहे. आवृत्ती ८ मध्ये त्या ३० दिवस ठेवल्या जातात; छोट्या डिस्कला हे जास्त होतं, पण कमी करण्याआधी बॅकअप नीट होतोय का ते बघा. आणि डिस्कवर जागा दिसतेय तरी ‘जागा नाही’ असा एरर येत असेल, तर बहुधा आयनोड (फाइलच्या नोंदींच्या जागा) संपलेत, ते ‘डीएफ -आय’मध्ये दिसतं.

सगळंच पुसून टाकणं

पुन्हा त्रास नको म्हणून कुणी क्रॉन लावतं, आठवड्याला सगळे लॉग साफ. हे करू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. जुने लॉग कॉम्प्रेस करून दुसऱ्या डिस्कवर हलवा. मजकूर असल्यामुळे ते चांगलेच आकसतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला बदलांचा इतिहास, म्हणजे एडिट लॉग, याला तर हातच लावायचा नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना तो ठेवणं बंधनकारक आहे.

शक्य असेल तर नवीन सर्व्हर लावताना लॉगला वेगळं पार्टिशन द्या, म्हणजे लॉग भरला तरी डेटाबेस चालू राहतो. सर्व्हर आधीच चालू असेल, तर ८० टक्क्यांना मोबाइलवर मेसेज येईल एवढी एक छोटी स्क्रिप्ट आजच लावा. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत ऑफिसात कुणी नसतं, म्हणून तो मेसेज एकाच्या नाही, दोघांच्या नंबरवर जाऊ द्या.